पातळ पत्र्याचा खांब दाबताना : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर

सेक्शन (खांबाचा आडवा छेद) ठरला. लिप असलेला सी : पाठीचा पत्रा तो वेब, त्याच्या दोन्ही कडांना काटकोनात फ्लँज, आणि फ्लँजच्या कडेला आत वळवलेली लिप. वेब १०० मिमी, फ्लँज ५०, लिप १५, पत्रा १.२ मिमी गॅल्व्हनाइज्ड. लिप काढून टाकली तर दोन बेंड वाचतात, म्हणून आधी तोच विचार होता. पण हिशेब मांडल्यावर तो सोडला. एक कड मोकळी असलेल्या ५० मिमी फ्लँजला १.२ मिमी जाडीत साधारण ४५ मेगापास्कल ताणालाच लाटा येतात (दाबाने पत्रा आत-बाहेर फुगतो). तीच कड लिपने धरली की आकडा ४०० च्या वर जातो. पंधरा मिलिमीटर पत्र्यात एवढं मिळतंय, तर बेंडचा कंटाळा करण्यात अर्थ नाही.

लांब्या तीन घेतल्या : ३३०, ११०० आणि २००० मिमी. कारण असा खांब तीन वेगवेगळ्या तऱ्हेने जातो आणि कोणती तऱ्हा पुढे येणार हे लांबी ठरवते. आखूड तुकड्यात नुसता वेब लाटा घेतो. मधल्या लांबीत फ्लँज आणि लिप मिळून दार उघडावं तसे फिरतात. लांबात अख्खा खांब धनुष्यासारखा वाकतो. एकाच लांबीवर चाचणी करून "हा सेक्शन एवढा भार घेतो" असं सांगणं म्हणजे तिघांपैकी एकाचीच साक्ष घेणं.

३३० चा आकडा हवेतला नाही. आखूड तुकडा सर्वांत रुंद बाजूच्या तिप्पट तरी हवा, नाहीतर टोकांचा धरबंध मधल्या लाटांवर येतो. आणि तो किमान जायरेशन त्रिज्येच्या (छेदाचं क्षेत्रफळ मध्यापासून किती दूर पसरलंय त्याचं माप) २० पटींहून लांब नको, नाहीतर अख्खा वाकायला लागतो. आमची त्रिज्या १९.६ मिमी, म्हणजे ३०० ते ३९० च्या मधलं काहीही चाललं असतं.

९ ऑक्टोबर

बेंडिंग. आधी दोन्ही लिप, मग फ्लँज. शेवटच्या बेंडला आधीचा फ्लँज वर येऊन लिपसकट सरळ पंचाला धडकतो, तेव्हा गूजनेक (मानेसारखा वाकलेला) पंच लागतो. तो मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. सपाट पट्टी सुमारे २२१ मिमी रुंद कापली. बाहेरच्या मापांची बेरीज २३० असली तरी चार बेंडमध्ये तेवढं वजा होतं.

काटकोन ९१ ते ९२ अंशांवर येतोय. स्प्रिंगबॅक, म्हणजे दाब सुटला की पत्रा थोडा परत उघडतो. दाब वाढवून दुरुस्त केला, पण पहिला लॉट तसाच राहू दिला. फ्लँज किंचित उघडे असलेले तुकडे मधल्या लांबीत काय करतात ते बघायचंय.

१२ ऑक्टोबर

जाडी. मायक्रोमीटर १.२० दाखवतो. पण त्यात जस्त आहे, आणि जस्ताची ताकद हिशेबात धरायची नसते. एक छोटा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. सुरुवातीला जोरात बुडबुडे आले आणि पत्रा दिसेनासा झाला. बुडबुडे थांबले म्हणजे जस्त संपलं. पाण्याने धुऊन, पुसून मोजला : १.१६. (हे उघड्यावर करा. निघतो तो हायड्रोजन, जवळ वेल्डिंग चालू असेल तर अजिबात नको.)

चार शतांश मिलिमीटर काय एवढं, असं वाटतं. पण लाटा येण्याचा ताण जाडीच्या वर्गाने बदलतो आणि भार घनाने. १.२० ऐवजी १.१६ धरल्यावर त्या भारात जवळजवळ १० टक्के फरक पडला. पुढे कुणाचा प्रयोग आणि हिशेब दहा टक्क्यांनी जुळेना झाला, तर आधी हे पाहावं, मग सॉफ्टवेअरला बोल लावावा.

वेबमधून काढलेल्या पट्टीची ताणचाचणी : ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (ज्या ताणाला पट्टी ०.२ टक्के कायमची लांबते) ३०२ मेगापास्कल. क्षेत्रफळ २६२ चौरस मिमी. म्हणजे काहीच लाटा न येता नुसता पत्रा चेपला गेला तर ७९ किलोन्यूटन. त्याच्या जवळपासही आपण जाणार नाही. वेबचा एकट्याचा हिशेब ९७ मेगापास्कल, म्हणजे २५ किलोन्यूटनच्या आसपास. फ्लँज अजून ताठ असल्यामुळे तो वेबला कडेने धरेल, म्हणून प्रत्यक्षात थोडा वर, २८-२९ ला लाटा दिसाव्यात. फायनाइट स्ट्रिपच्या (खांबाच्या लांब पट्ट्या पाडून संगणकावर केलेल्या) हिशेबातही तेवढंच येतंय.

१८ ऑक्टोबर

पहिला आखूड तुकडा. ३१ किलोन्यूटनला गेला आणि गेला तोही मधे नाही, खालच्या टोकाला. एका बाजूची लिप बेसप्लेटला टेकते तिथे पत्रा चुरगळून आत वळला. वर ३०० मिमी खांब जसाच्या तसा, जणू काही झालंच नाही.

टोक डिस्क कटरने कापून कानस मारली होती. गुणिया लावल्यावर बरं दिसत होतं. आता शेजारच्या न दाबलेल्या तुकड्याखाली फीलर गेज सरकवून पाहिला तर वेबच्या मधोमध ०.१५ ची पाती जाते. म्हणजे सुरुवातीला भार वेबमधून जातच नव्हता. लिप आणि कोपरे मिळून सगळं ओझं घेत होते. ३३० मिमी खांब १०० मेगापास्कल ताणाला जेमतेम ०.१७ मिमी आखूड होतो. ०.१५ ची फट त्यापुढे अगदीच मोठी.

या नोंदी वाचून कुणी हेच काम करणार असेल तर एवढं लक्षात ठेवा : अर्ध्याहून जास्त वेळ टोकांना जातो आणि तो द्यावाच लागतो.

२३ ऑक्टोबर

टोकांवर उपाय. वेल्डर काकांचं म्हणणं, "प्लेटला सगळीकडून वेल्ड मारून टाकू, मग फट राहीलच कशी?" एका तुकड्यावर मारून पाहिलं. फट गेली, पण १.२ च्या पत्र्यावर उष्णतेने टोकाजवळ वेबला पोक आला, सरळपट्टी लावली तर मिलिमीटरभर. आपल्याला जी लाट मोजायची आहे तीच आधी हाताने घालून ठेवण्यासारखं झालं. काकांनीच मग सुचवलं, चार कोपऱ्यांवर फक्त टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड) मारू, बाकी काहीतरी भरू.

तसं केलं. टोक आधी सरफेस प्लेटवर एमरी पेपर पसरून घासून घेतलं. १२ मिमीच्या प्लेटवर खांब ओळंब्यात उभा करून कोपऱ्यांना छोटे टॅक, आणि मग खांबाच्या बुडाभोवती आतून-बाहेरून लोखंडी चुरा मिसळलेला इपॉक्सी, साधारण १० मिमी उंच. इपॉक्सी फटीतही शिरतो. दुसरं टोक करताना खांब उलटा करून पुन्हा ओळंबा. दोन्ही प्लेट समांतर आहेत का ते चारी कोपऱ्यांवर उंची मोजून पाहायचं, ०.१ च्या आत आलं तर ठीक, नाहीतर इपॉक्सी मऊ असतानाच शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून.

इपॉक्सीला पूर्ण दिवस द्यावा लागतो. घाई केलेला एक तुकडा दाबताना करकरला आणि वाया गेला.

२९ ऑक्टोबर

दुसरा आखूड तुकडा, भरलेल्या टोकांचा. ४६ किलोन्यूटन. काय फरक पडला बघा : तोच पत्रा, तोच बेंड, ३१ चे ४६.

पण आज लिहायचं ते वेगळंच. खांबासमोर ट्यूबलाइट आडवी ठेवली होती, नुसती उजेडासाठी. जस्ताच्या चकाकत्या वेबवर तिचं प्रतिबिंब सरळ रेघ होऊन पडलं होतं. भार चढत गेला तशी ती रेघ आधी स्थिर होती. २६ च्या आसपास तिला बारीक नागमोड आली. २९ ला ती स्पष्ट वळली आणि पुढे लाट खोल होत गेली. डायल गेजवर तेव्हा जेमतेम दोन-तीन शतांश दिसत होते. नुसत्या डोळ्याला पत्रा सपाटच वाटत होता. या कामाला याहून संवेदनशील आणि फुकटचं साधन नाही. गेज लावायचा तो नंतर आकडा मिळवायला.

लाटा दिसल्यावर खांब संपला असं वाटतं. तसं नाही. २९ ला लाटा आल्या आणि तो ४६ पर्यंत गेला. वेबच्या मधला पट्टा काम सोडतो, ओझं कोपऱ्यांकडे सरकतं आणि कोपरे पत्र्याच्या पूर्ण ताकदीपर्यंत खेचतात. १९३२ साली कार्मान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी परिणामी रुंदीची (लाटा आलेल्या पत्र्याचा फक्त कडेचा भाग भार घेतो असं धरण्याची) कल्पना मांडली ती याच वागण्यावर. मी ३५ ला थांबून भार सोडला तेव्हा नागमोड विरून रेघ पुन्हा सरळ झाली. मोडला तेव्हा मात्र कोपराच मोडला, एका लाटेच्या माथ्याजवळ.

३ नोव्हेंबर

स्ट्रेन गेज, म्हणजे पत्र्याचं ताणणं-दाबणं मोजणारी चिकटवायची पट्टी. वेबच्या मध्यावर, पुढून आणि मागून एक-एक. कल्पना अशी की लाट आली की फुगलेल्या बाजूचा गेज उलट फिरायला लागतो आणि तोच लाटेचा भार. ३० गेलं, ३४ गेलं, दोन्ही गेज हातात हात घालून चाललेत. ट्यूबलाइटची रेघ मात्र चांगली वळलेली!

कारण साधं निघालं. या वेबची अर्धी लाट साधारण ८० मिमीची. ३३० मिमी उंचीत अशा चार बसतात. चार बसल्या की बरोबर मध्यावर गाठ येते, जिथे पत्रा आत-बाहेर जातच नाही. आणि आमचे गेज नेमके गाठीवर. चिकटवलेला गेज काढून परत लावता येत नाही, म्हणजे ती जोडी गेली.

आता पद्धत बदलली. आधी खांब ३२ पर्यंत न्यायचा, उजेडात लाटांचे माथे मार्करने खुणावायचे, भार सोडायचा. लवचीक हद्दीत आहे तोवर काही बिघडत नाही. मग माथ्यावर गेज लावायचे. पुढच्या तुकड्यात उलट फिरणं २८ ला स्वच्छ दिसलं. मोडला ४८ ला.

७ नोव्हेंबर

आजचा प्रकार सुरक्षेचा, म्हणून नीट लिहितो. आतापर्यंत हायड्रॉलिक जॅक आणि हातपंप. मधल्या लांबीचा पहिला तुकडा ४१ ला असताना धाडकन गेला. डायल गेजचा स्टँड उडून फ्रेमच्या पायाशी पडला. गेजची काच फुटली, टोक वाकलं. कुणी समोर वाकून वाचत नव्हतं एवढंच.

खांब मोडायला लागला की त्याची भार घेण्याची क्षमता झपाट्याने उतरते. पण फ्रेमच्या आडव्या तुळया वाकून ताणलेल्या असतात, जॅकमधलं तेल आणि होज दाबलेले असतात. ते सगळं एकदम मोकळं होऊन खांबावर कोसळतं. खांबाने केला तो धमाका नव्हताच, धमाका फ्रेमचा. जितकी फ्रेम लवचीक तितका जोर जास्त. शिवाय मोडण्याचा आकार बघायला मिळत नाही, नुसता चुरगळा हातात येतो.

दोन बदल केले. वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी प्लेट मारून ताठ केली. आणि हायड्रॉलिक जॅक काढून खाली स्क्रू जॅक, त्यावर लोड सेल (भार मोजणारं उपकरण). स्क्रू जेवढा फिरवू तेवढीच हालचाल, आपोआप पुढे काही सरकत नाही. फिरवायला जड जातो, हात दुखतो, पण शिखर ओलांडल्यावरही खांब समोर उभा राहतो आणि भार उतरताना प्रत्येक टप्प्याला फोटो घेता येतो. वर पॉलीकार्बोनेटची ढाल, आणि गेज वाचायला मोबाइलचा कॅमेरा.

(जाता जाता : पंपाच्या प्रेशर गेजवरून काढलेला भार लोड सेलपेक्षा कायम जास्त येत होता. जॅकच्या सीलचं घर्षण. जुन्या नोंदींत फक्त लोड सेलचेच आकडे ठेवलेत.)

१५ नोव्हेंबर

मधली लांबी, ११०० मिमी. आता आकार दिसतो. आधी वेबच्या छोट्या लाटा, तीसच्या अलीकडे. मग ३६-३७ पासून वरच्या अर्ध्यात दोन्ही फ्लँज बाहेर उघडायला लागले, खालच्या अर्ध्यात आत मिटायला. हे वेगळं आहे आणि ते वेगळं ओळखायची खूण सोपी : फ्लँज आणि लिप यांच्या कोपऱ्यावर उभी सरळपट्टी धरा. वेबला कितीही लाटा असल्या तरी तो कोपरा सरळ असेल तर लाटा स्थानिक. कोपराच जागचा हलला असेल तर सेक्शनचा आकार बिघडतोय. या सेक्शनला त्याची अर्धी लाट सुमारे अर्ध्या मीटरची, म्हणून ११०० मध्ये एक वर, एक खाली बसली. ३३० च्या तुकड्याला तेवढी जागाच नव्हती.

४२ ला गेला. ७ तारखेचा ४१. आणि ९२ अंशांचा उघडा तुकडा ३९.

२० नोव्हेंबर

दोन्ही लिप एकमेकींना पट्टीने बांधून पाहिल्या. २५ मिमी रुंद पत्र्याच्या पट्ट्या, दर २५० मिमीला, दोन्हीकडे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. फ्लँज उघडणं-मिटणं जवळजवळ थांबलं आणि भार ४५ पर्यंत गेला. वेबच्या लाटा होत्या तिथेच, होत्या तेवढ्याच भाराला; पट्टीचा त्यांच्याशी संबंध नाही.

पहिल्यांदा एकच पट्टी मध्यावर लावली होती. तिने काहीच केलं नाही. दोन अर्ध्या लाटांची गाठ मध्यावरच, तिथे लिप मुळात हलतच नव्हत्या! गेजला जे झालं तेच पट्टीला. पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या लाटेहून बरंच कमी हवं, म्हणजे गाठ कुठेही येवो, एखादी पट्टी माथ्याजवळ पडतेच.

२ डिसेंबर

लांब खांब, २००० मिमी, टोकांना धार. व्ही खाचेत बसणारी कडक पोलादी पट्टी, खांबाच्या दुबळ्या अक्षाला समांतर, म्हणजे खांब वेबच्या दिशेने किंवा लिपच्या दिशेने वाकू शकतो, इतर कुठे नाही. धार गुरुत्वमध्यावर : वेबच्या पाठीपासून १८ मिमी. एंड प्लेट जाड ठेवल्यात आणि त्यांना घट्ट बसवलंय. उघड्या सेक्शनला पीळ फार लवकर पडतो, टोकं मोकळी ठेवली तर हा खांब वाकण्याआधी पिळवटून जाईल.

ऑयलरचा १७४४ चा सडपातळ खांब वाकण्याचा हिशेब लावला तर ५१ किलोन्यूटन. प्रत्यक्षात गेला २९ ला. जुळणारच नव्हतं, वेबच्या लाटा २५ पासून सुरू झाल्या आणि लाटांनी ढिला पडलेला खांब मूळ खांबाएवढा ताठ राहत नाही. एकेकट्याने २९ ला लाटा आणि ५१ ला वाकणं असतं, दोघं एकत्र आले की आणखी खाली.

वाकला कुठे? लिपच्या बाजूला. पुढचाही तिकडेच. योगायोग नाही. वेबचा मधला पट्टा काम सोडतो तेव्हा उरलेल्या सेक्शनचा मध्य लिपकडे सरकतो, पण भार तर अजून जुन्या जागीच, म्हणजे आता वेबकडे विकेंद्रित. वेब आणखी दाबला जातो, आणखी काम सोडतो. टोकं पक्की असली तर प्रतिक्रिया आपली जागा बदलून घेते आणि हा प्रकार होत नाही. धारेवर मात्र होणारच.

९ डिसेंबर

खांब न मोडता वाकण्याचा भार मिळतो का, ते साउथवेलच्या १९३२ च्या पद्धतीने पाहिलं. मध्यावरचं वाकणं भागिले भार उभ्या अक्षावर, वाकणं आडव्यावर. बिंदू सरळ रेषेत आले की रेषेच्या उताराचा व्यस्तांक म्हणजे भार. १० च्या खालचे बिंदू विस्कटलेले, तिथे गेज आणि खाचेचं घर्षणच जास्त. १० ते २३ चे सुंदर रेषेत, आणि उत्तर ४९. हिशेबाच्या ५१ शी छान जुळतं. २५ नंतर बिंदू रेषा सोडून जातात. ते घेतले तर उत्तर बिघडतं, म्हणून लाटा दिसल्या की थांबायचं. आखूड तुकड्यांच्या लाटांवर ही पद्धत लावू नका. लाटा आल्यावर पत्रा पुन्हा ताठ होत जातो, तिथे रेषा वाकडी येते.

याच रेषेवरून मूळ वाकही निघतो : १.३ मिमी. दोऱ्याने मोजला होता १.५. लांबीच्या हजाराव्या भागाच्या आत, म्हणजे बेंडिंगवाल्याचं काम चांगलं.

१४ डिसेंबर

धार १८ ऐवजी १९.५ वर, म्हणजे लिपकडे दीड मिलिमीटर सरकवून एक लांब खांब दाबला. सुरुवातीला वेबकडे झुकला, २६ नंतर थबकला, मग जवळपास सरळ राहून ३२ पर्यंत गेला. दीड मिलिमीटरने तीन किलोन्यूटन. धारेची जागा मोजायला यापुढे फूटपट्टी नाही, व्हर्निअर, आणि प्लेटवर खूण ओढून ती पंच करून ठेवायची. खाचेत ग्रीस. पुढचा तुकडा उद्या, इपॉक्सी अजून वाळतोय.